शेतीसंरक्षणाची बंदूक : परवाना एक, परवानगी दुसरी

भात पसवायला लागले की आमच्या कार्यालयात दोन प्रकारची मंडळी येतात. पहिली नुकसानभरपाईच्या अर्जासाठी. दुसरी जरा आवाज खाली घेऊन विचारते, "साहेब, ठासणीची बंदूक घ्यायची म्हणतो. काय काय लागतं?" बंदूक हा काही कृषी खात्याचा विषय नव्हे. पण सातबारा, पीकपाहणी आणि नुकसानीचा पंचनामा या तिन्ही गोष्टी त्या अर्जाला लागतात. त्यामुळे जिल्हाधिकारी कार्यालयाची पायरी चढण्याआधी शेतकरी आमच्याच दारात येतो. रानडुकरांचा उपद्रव गेल्या काही वर्षांत एवढा वाढला आहे की भुईमूग, नाचणी, रताळी लावायचेच लोकांनी सोडले. काही ठिकाणी तर भाताचे कोपरेही पड टाकले गेले. अशा वेळी माणसाला बंदूक आठवली तर नवल नाही.

शेतकरी बंधूंनो, एक गोष्ट मात्र आधीच पक्की करून घ्या. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे बंदूक जवळ बाळगण्याचा परवाना. रानडुक्कर मारण्याचा तो परवाना नव्हे. पहिला कागद शस्त्र कायद्याचा आहे, तो जिल्हाधिकारी देतात. दुसरा वन्यजीव कायद्याचा, तो वन खात्याकडून घ्यावा लागतो. पहिला हातात आला म्हणजे दुसरा आपोआप आला, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या समजले जाते. या समजापायी चांगली, कष्टाळू माणसे कोर्टाच्या तारखांना जाताना दिसतात.

कायदा काय म्हणतो?

शस्त्र अधिनियम १९५९ चा. त्याच्या १३ व्या कलमात शेतकऱ्याची आठवण ठेवलेली आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना भारतीय नागरिकाने मागितला, तर पोलीस अहवाल पाहून आणि नकाराची कारणे नसतील तर परवाना प्राधिकाऱ्याने तो द्यावा, अशी त्या कलमाची भाषा आहे. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत अर्जदाराला सबळ कारण पटवून द्यावे लागते. ठासणीच्या बंदुकीला कायद्याने जरा सैल हात ठेवला आहे. आणखी एक परंतुक आहे. ठासणीची बंदूक पिकाच्या राखणीला पुरेशी पडणार नाही अशी प्राधिकाऱ्याची खात्री झाली, तर गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचा, म्हणजे आपल्या बोलीतल्या काडतुसाच्या बंदुकीचा, परवानाही देता येतो. ज्यांची शेती जंगलाला अगदी लागून आहे त्यांनी अर्जात हे कारण स्पष्ट लिहावे.

कलम १४ मधली एक ओळही लक्षात ठेवण्याजोगी आहे. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. अर्ध्या एकराचा मालक असला तरी त्याचे पीक डुक्कर खातेच की! नाकारायचा असेल तर कारणे लेखी नोंदवावी लागतात. ती सांगणे सार्वजनिक हिताचे नाही असे प्राधिकाऱ्याचे मत असेल तर अर्जदाराला न सांगण्याची मुभा आहे, एरवी मागणी केल्यास ती कळवायची असतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या नकारावर विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते. तोंडी "नाही होणार" ऐकून घरी परतणारे पुष्कळ आहेत. लेखी उत्तर मागा.

आता कागदांचे बघू. वय २१ पूर्ण पाहिजे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे अर्ज 'ए-१' नमुन्यात करायचा. सोबत ओळखीचे व राहण्याचे पुरावे, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, आणि घरात ते नीट ठेवण्याची हमी. शेतीसाठी म्हणून सातबारा, आठ-अ आणि नुकसानीचे पुरावे. परवाना पूर्वी तीन वर्षांचा असे, डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीपासून तो पाच वर्षांचा झाला. त्याच दुरुस्तीने एका माणसाला जास्तीत जास्त दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतील असे ठरले, आधी तीन चालत.

इथे गावच्या कर्मचाऱ्यांशी दोन शब्द. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक, पोलीस पाटील मंडळींनो, तुमच्या पंचनाम्यावर आणि अहवालावर या अर्जाचे निम्मे वजन असते. "वन्यप्राण्यांमुळे नुकसान झाल्याचे दिसते" एवढ्या ओळीने काहीच साधत नाही. गट नंबर लिहा, पीक कोणत्या अवस्थेत होते ते लिहा, किती आर क्षेत्र तुडवले वा उकरले ते लिहा, खुरांचे ठसे आढळले का, जंगलाची हद्द किती अंतरावर आहे, हे लिहा. एका हंगामात तीनदा नुकसान झाले असेल तर पंचनामेही तीन असावेत. शेवटी एकच मोठा आकडा टाकलेला कागद वरच्या कार्यालयात संशयाने वाचला जातो. त्यात चूक वरच्यांची नाही.

अभयारण्याच्या जवळ राहणाऱ्यांना एक वेगळी अट आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या ३४ व्या कलमाप्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपले नाव वन खात्याकडे नोंदवावे लागते, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. राधानगरी, कोयना, चांदोली, सागरेश्वर या भागांतल्या गावांनी हे ध्यानात घ्यावे. नेमका उपद्रव सर्वांत जास्त याच गावांना, आणि परवाना मिळायला वेळही यांनाच. हा अन्याय वाटतो खरा. पण अट कायद्यात आहे, बाबूने घरून आणलेली नाही. म्हणून अर्ज करताना संमतीचे प्रकरण वन खात्याकडे कधी गेले, त्याचा जावक क्रमांक काय, हे विचारत राहावे.

निवडणुकीचा हंगाम आणि पिकाचा हंगाम

सध्या सर्वांत जास्त तक्रार कसली असेल तर निवडणुकीत बंदुका जमा करण्याची. २०२४ साल आठवा. लोकसभेच्या वेळी एप्रिल-मे महिना होता, काजू-आंब्याचे दिवस. ते एक वेळ निभले. पण विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली आणि मतदान २० नोव्हेंबरला झाले. म्हणजे बघा, भात कापणीला आलेले, डुकरांचे कळप रोज रात्री मळ्यात, आणि बंदूक पोलीस ठाण्याच्या खोलीत चिठ्ठी बांधून पडलेली. ज्या कामासाठी परवाना दिला ते काम ज्या महिन्यात असते, नेमक्या त्याच महिन्यात शस्त्र हाती नाही. मग परवान्याचा उपयोग काय, असे शेतकरी विचारतो, आणि माझ्या मते रास्त विचारतो.

नियम मात्र "सगळ्यांच्या सगळ्या बंदुका जमा" असा नाही. निवडणूक आयोगाच्या सूचनांप्रमाणे जिल्ह्यात छाननी समिती असते आणि तिने परवान्यांचा एकेक विचार करायचा असतो. जामिनावर सुटलेले, गुन्ह्याची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत गुंतलेले यांच्याकडे मुख्य रोख असतो. सरसकट जमा करण्याच्या पद्धतीविरुद्धचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे गेले होते, त्यानंतर ही छाननीची वाट पक्की झाली. तेव्हा ज्याच्यावर एकही गुन्हा नाही अशा शेतकऱ्याने आचारसंहिता लागताच छाननी समितीकडे सूट मागणारा अर्ज करावा, सोबत उभ्या पिकाचा सातबारा आणि चालू हंगामाचा पंचनामा जोडावा. सूट मिळेलच असे नाही. पण अर्जच नसेल तर समिती विचार तरी कशाचा करणार? ग्रामपंचायतीने सर्व परवानाधारकांची एकत्र यादी करून पाठवली तर आणखी बरे. आणि जमा करावीच लागली तर पावती घेतल्याशिवाय ठाण्यातून हलू नये, पावतीवर बंदुकीचा क्रमांक आहे ना ते पाहावे.

दुसरी परवानगी

वन्यजीव कायद्यात डिसेंबर २०२२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. रानडुक्कर आणि नीलगाय आता दुसऱ्या अनुसूचीत आहेत. या अनुसूचीतला प्राणी उभ्या पिकाला धोकादायक झाला असेल, तर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्रात रानडुक्कर व नीलगायीपुरता हा अधिकार खालच्या वनाधिकाऱ्यांपर्यंत आणलेला आहे, म्हणून अर्ज घेऊन आपल्या वनक्षेत्रपाल कार्यालयात जावे. परवानगी कोणत्या गटापुरती, किती दिवसांपुरती, कोणी मारायचे, हे त्यावर लिहिलेले असते. ते वाचून मगच बंदुकीला हात लावावा.

हत्ती, गवा, बिबट्या, मोर हे पहिल्या अनुसूचीत आहेत. पीक खाल्ले म्हणून यांना मारण्याची परवानगी कायद्यात नाहीच. दोडामार्गकडच्या लोकांना हत्तीने किती छळले आहे हे मला ठाऊक आहे, तरी त्यावर बंदूक हा उपाय नव्हे. शिवाय छर्ऱ्याने हत्ती मरत नाही, चिडतो.

मारलेल्या डुकराचे काय? इथे आपल्याकडची मोठी अडचण आहे, स्पष्टच बोलतो. परवानगीने मारलेले जनावरही कलम ३९ प्रमाणे सरकारी मालमत्ता असते. असे जनावर किंवा त्याचे मांस ताब्यात आले तर ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याला कळवावे लागते. वाटे घालणे, रात्रीतच मटण शिजवणे, सुळे आठवण म्हणून ठेवणे, हे सगळे गुन्ह्यात बसते. विनापरवानगी शिकारीला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीपासून एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याआधी दंडाची मर्यादा २५ हजार होती. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याला शिक्षा याहून कडक आहे.

इतर राज्यांनी काय केले? बिहारने केंद्राकडून डिसेंबर २०१५ मध्ये नीलगाय व रानडुक्कर काही जिल्ह्यांपुरते उपद्रवी जाहीर करून घेतले, उत्तराखंडाने २०१६ मध्ये रानडुकराबाबत तेच केले. या अधिसूचना ठरावीक मुदतीच्या असतात, मुदत संपली की जैसे थे. केरळने २०२२ मध्ये वेगळी वाट धरली. रानडुकराबाबत आदेश देण्याचा अधिकार पंचायत अध्यक्ष आणि नगराध्यक्षांकडे दिला. परवानाधारक नेमबाजांची यादी पंचायतीकडे असते आणि काम त्यांच्याकडून करून घेतले जाते. मला स्वतःला ही पद्धत आपल्याकडे जुळेल असे वाटते. प्रत्येक घरात बंदूक असण्यापेक्षा पाच वाड्यांत मिळून दोन जाणते, शांत डोक्याचे परवानाधारक असणे बरे. जिल्हा परिषदेत, ग्रामसभेत या बाजूने ठराव होऊ शकतात. सगळेच सरपंच ही जबाबदारी घ्यायला तयार होतील असे मात्र मी म्हणत नाही.

बंदूक घेताना

इतके करून परवाना हाती आला, आता खरेदी. काही लोक 'ठासणीची रायफल' म्हणतात, ते चूक आहे. रायफलच्या नळीला आतून पिळदार आटे असतात, त्यामुळे गोळी फिरत लांब जाते. शेतीसंरक्षणाची बंदूक आतून गुळगुळीत असते आणि तोंडाकडून भरायची असते. परवान्यावर 'एसबीएमएल' लिहिले असेल तर एकनळी ठासणीची, 'डीबीएमएल' म्हणजे दुनळी. 'बारा बोअर' या आकड्याचाही घोळ होतो. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअरची. म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक.

पहिली बंदूक एकनळीच घ्या, हा माझा सल्ला. दुनळीत एक बार उडवून दुसरा भरलेला राहतो, रात्रीच्या गडबडीत तो विसरला जातो, किंवा एकाच नळीत दोनदा दारू जाते. नवख्याने या फंदात पडू नये. अशा बंदुका बिहारात मुंगेरला आणि जम्मूला परंपरेने बनत आल्या आहेत. पण माल कुठचाही असो, परवानाधारक दुकानातूनच पावतीवर घ्यायचा. नळीवर कारखान्याचे नाव, क्रमांक आणि दाबचाचणीचा ठसा असलाच पाहिजे. तो क्रमांक परवान्यावर दुकानातच आपल्या डोळ्यांदेखत चढवून घ्या, एका आकड्याची चूक पुढे वर्षभर हेलपाटे घालायला लावते.

ओळखीच्या परवानाधारकाकडून जुनी घेता येते. मात्र विकणाऱ्याने आधी जिल्हाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवावे लागते आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जावे लागतात. तोवर बंदूक त्याच्याच घरी. गावातल्या लोहाराकडून 'करून' घेतलेल्या बंदुकीचे तर नावच काढू नका. विनापरवाना शस्त्र जवळ सापडले तर २०१९ पासून किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद आहे, आणि बनवणाऱ्याला किमान सात वर्षे. शिवाय त्या नळीची चाचणी कोणी केलेली असते? पहिली चाचणी घेणाऱ्याच्या गालाशी होते.

जुनी बंदूक पाहताना आधी ती रिकामी आहे याची खात्री करा. गज नळीत सोडा, तोंडापाशी बोटाने खूण धरा, बाहेर काढून नळीच्या बाजूला लावा. टोक निपलच्या जागेपर्यंत पोचले तर ठीक. वीतभर अलीकडे थांबत असेल तर आत काहीतरी आहे, बहुधा मागच्या मालकाने भरून ठेवलेला बार. भिंतीवर दहा वर्षे टांगलेल्या बंदुकीतही तो जिवंत असतो. मग तिथेच थांबा, दुकानदाराकडून ती रिकामी करून घ्या. नळी रिकामी असली तर बोटे तिच्या सबंध लांबीवरून फिरवा. कुठे फुगवटा लागला तर किंमत कितीही कमी असो, ती घेऊ नये. गजाला पांढरे फडके गुंडाळून आत फिरवा. थोडा तांबूसपणा चालतो, पण फडके अडकून फाटत असेल तर नळी आतून खाल्लेली आहे. निपलचे आटे ढिले नसावेत. घोडा अर्ध्यावर ओढून चाप दाबला तर घोडा पडता कामा नये. दस्ता मनगटाच्या जागी, म्हणजे हात धरतो तिथे, चिरलेला नसावा. तेल लावून ही चीर झाकण्याची युक्ती जुनीच आहे.

सोबतचे सामान थोडेच पण नेमके लागते. लाकडी किंवा पितळी टोकाचा गज, काळी दारू, केप, छर्रे, डाट, दारूचे माप, एक जादा निपल आणि ते काढायची किल्ली, नळी पुसायला जुने सुती कापड आणि तेल. दारू आणि केप परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेतच मिळतात आणि त्यांची नोंद होते. दारूबद्दल दोन गोष्टी जिवाच्या आहेत. ठासणीच्या बंदुकीत फक्त तिच्यासाठीची काळी दारू. काडतूस फोडून काढलेली बिनधुराची दारू हिच्यात घातली तर दाब कित्येक पट वाढतो आणि नळी फुटते. फटाक्याची दारूही नको. आणि दारू डब्यातून थेट नळीत ओतायची नाही, मापात घेऊन मापानेच घालायची. आधीच्या बाराची ठिणगी आत राहिलेली असली तर मापातली दारूच पेटेल, डबा हातात पेटणार नाही. माप किती, ते बंदूक बनवणाऱ्याच्या कागदावर असते. शेजाऱ्याच्या मुठीवर जाऊ नये.

भरताना दारू, त्यावर डाट, मग छर्रे, वर पुन्हा पातळ डाट. सगळे दारूवर नीट बसले पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर तिथेच नळी फुगते वा फुटते. यासाठी गजावर दोन खुणा करून ठेवा, एक रिकाम्या नळीची, दुसरी बरोबर भरलेल्या नळीची. अंधारात बोटाला कळतील अशा कोरलेल्या असाव्यात. केप अगदी शेवटी लावायची, तीही माळ्यावर चढून बसल्यावर. केप लावून गडगा ओलांडणे, झाडावर चढणे, मोटारसायकलवर मागे बसणे, असले प्रकार करू नका. भरताना तोंडावर वाकू नये. चाप ओढून बार उडाला नाही तर नळी मोकळ्या दिशेला धरून निदान दोन मिनिटे थांबा, कधी कधी बार उशिरा पेटतो. त्यानंतरच केप बदला.

एक बार झाला की पुन्हा भरायला चांगला सरावलेला माणूसही मिनिटभर घेतो. रानडुकराला तेवढा वेळ पुष्कळ झाला. छर्ऱ्यांचा भरवसा पंचवीस-तीस पावलांपलीकडे नाही आणि जखमी डुक्कर झाडीत घुसले की सकाळी शेण गोळा करायला आलेल्या बाईच्या अंगावर येते. म्हणून मारण्याची परवानगी असली तरी दुसऱ्या गोष्टीची आशा धरावी : आवाजाची. ठासणीचा कोरा बार, म्हणजे दारू आणि डाट, छर्रे नाहीत, दरीत असा घुमतो की कळप त्या रात्री परत येत नाही. मात्र रोज एकाच वेळी, एकाच जागेवरून उडवला तर आठवड्यात जनावर त्याला सरावते. जागा आणि वेळ बदलत राहावे. कोऱ्या बारासमोरही माणूस वा गुरे नकोत, डाट जवळून इजा करते.

खसफस ऐकून झाडणे हे तर सर्वांत वाईट. २०२५ च्या आरंभी पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या जंगलात शिकारीला गेलेल्यांनी डुक्कर समजून आपल्याच सोबत्यावर गोळी झाडली, त्यात माणूस गेला. अशा बातम्या आपल्याही जिल्ह्यात नव्या नाहीत. विजेरीच्या उजेडात सबंध जनावर दिसल्याशिवाय चापाला बोट लावू नये. आणि वाटेवर तार बांधून बंदूक लावून ठेवणे, गव्हाच्या पिठात बॉम्बगोळे ठेवणे, थेट विजेची तार सोडणे, यांना राखण म्हणत नाहीत. डुकराऐवजी शेजारचा पोरगा सापडला तर तो मनुष्यवधाचा गुन्हा होतो.

बंदूक हाती आली म्हणून बाकीची राखण सोडू नये, हेही सांगितले पाहिजे. जंगलालगतच्या गावांना जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणासाठी मदत मिळते, वनक्षेत्रपालांकडेच चौकशी करावी. पीकविम्यातही बदल झाला. वन्यप्राण्यांमुळे झालेले नुकसान खरीप २०२६ पासून स्थानिक आपत्तीच्या धर्तीवर विम्यात घेण्याचे केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. कोणते प्राणी आणि कोणते तालुके, ते राज्याने अधिसूचित करायचे आहे, आणि नुकसान झाल्यापासून ७२ तासांत पीकविमा ॲपवर फोटोसह कळवावे लागते. पहाटे मळ्यात गेल्यावर आधी फोटो काढा, मग बांध नीट करा. आपले तालुके त्या यादीत येतात की नाही, यावर ग्रामपंचायतींनी लक्ष ठेवावे.

राहिले बंदुकीच्या निगेचे. काळ्या दारूची राख हवेतला ओलावा ओढून घेते. कोकणच्या पावसात एक रात्र तशीच ठेवलेली नळी सकाळी लाल दिसते. ज्या रात्री बार काढला त्याच रात्री निपल काढून नळी गरम साबणाच्या पाण्याने धुवा, फडके कोरडे निघेपर्यंत पुसा, मग आतून-बाहेरून तेलाचा हात फिरवा. पावसाळ्यात वापर नसला तरी पंधरा दिवसांनी फडके फिरवावे. बंदूक कुलपात, दारू चुलीपासून लांब कोरड्या जागी दुसऱ्या कुलपात, केप तिसरीकडे. किल्ली घरातल्या पोरांना ठाऊक नसावी.

परवाना संपण्याच्या दोन महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज द्या. पुष्कळ घरांत बंदूक अजून वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर आहे. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा त्याने पंचवीस वर्षे बंदूक बाळगली, तर २०१६ च्या नियमांप्रमाणे तो हयात असतानाच वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. वारसालाही वय, प्रशिक्षण, पोलीस अहवाल हे सर्व लागतेच. परवानाधारक वारला असेल तर दिवसकार्य आटोपताच बंदूक दारू-केपांसह पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करून पावती घ्यावी आणि मृत्यूचा दाखला, मूळ परवाना व इतर वारसांचे ना-हरकत पत्र घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करावा. तोपर्यंत ती घरात ठेवली, तर मुलाकडे विनापरवाना शस्त्र सापडले असाच त्याचा अर्थ होतो.